मागच्या गल्लीतले दहा प्रेक्षक

रविवार, १८ फेब्रुवारी २००७. दुपारी तीन वाजता. मैलापूर, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीतलं घर.

हजर: सार. मी. शिर्के (चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यात टूलरूममध्ये, प्रयोगात इन्स्पेक्टर). मृणालिनीबाई (बँकेत, प्रयोगात घराची मालकीण). कावेरी (गाण्याच्या शिकवण्या घेते, प्रयोगात भांडी घासणारी अंजलै). पुढच्या दारानं आलेले प्रेक्षक दहा, त्यांत आमच्या मंडळाचे उपाध्यक्ष. मागच्या गल्लीतून आलेले प्रेक्षक अकरा. अकरावं नाव माझ्या यादीत नव्हतं, ते मी नंतर पेनानं लिहिलं.

गैरहजर: कोणी नाही. सारांच्या प्रयोगाला गैरहजर राहण्याची कोणाची छाती नव्हती.

अशी हजेरी लिहायची मला सवय आहे. बावीस वर्षं आवडीच्या कारखान्याच्या भांडार विभागात काढली आणि नऊ वर्षं चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळाची चिटणीस होते. कोण आलं, काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत. हे चार रकाने भरले की माझा दिवस सरळ जातो. सार या रकान्यांत कधी बसले नाहीत. तरी लिहिते, कारण मंडळाच्या इतिवृत्तात त्या दुपारबद्दल जे लिहिलं आहे ते अर्धं आहे, आणि ते अर्धं माझ्याच हातचं आहे. त्याचा संताप अजून गेलेला नाही. जाऊही नये.

सार, म्हणजे तमिळ तोंडातलं ‘सर’, हे तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी राजांबरोबर दक्षिणेत आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकली, पण ती पेटीत ठेवलेल्या शालूसारखी, घडी न मोडता जुनी झालेली. ‘सगळे’ला ते ‘अस्के’ म्हणत. ‘मला कॉफी हवी’ असं न म्हणता ‘मज कॉफी होणा’ म्हणत. वाक्याच्या शेवटी सूर तमिळसारखा वर चढायचा. बदल्यांवर इथे आलेले आम्ही महाराष्ट्रातले लोक आपसात हसायचो. शिर्के एकदा त्यांच्या तोंडावरच हसला.

सार म्हणाले, “हसा, हसा. तुम्ही तिकडे राहून भाषा बदलून टाकलीत. आम्ही दिली तशी ठेवली आहे. आता ठेवणाऱ्यास हसायचं की बदलणाऱ्यास, तुम्हीच पाहा.”

शिर्केनं त्यानंतर त्यांना कॉफी आणून द्यायला सुरुवात केली. ती ते पेला ओठांना न लावता वरून घशात ओतत. एक थेंब शर्टावर पडलेला मी पाहिला नाही.

मद्रासच्या कोर्टात त्यांची सगळी नोकरी झाली. नकलनवीस म्हणून लागले, बेंच क्लार्क म्हणून सुटले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात काळी छत्री. छत्री उन्हापावसासाठी नव्हती. तिच्या दांड्यावर त्यांनी ब्लेडनं इंचांच्या खुणा पाडल्या होत्या. कोणाच्याही घरी गेले की आधी उंबरठ्याची उंची मोजायची, मग चप्पल काढायची. आमच्या क्वार्टरमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा बैठकीच्या दारात उभे राहून त्यांनी आत नजर लावली.

“दारातून ओटा दिसत नाही,” ते म्हणाले.

“मग चांगलं की वाईट?”

“तुम्हास चांगलं. साक्षीदारास वाईट.”

माझे यजमान त्या दिवसापासून त्यांना घाबरायला लागले. मी नाही घाबरले. मला चिडायला वेळ पुरत नव्हता. सार आभार मानत नसत, कोणाची वाट पाहत नसत, आणि कोणाचं ऐकत नसत. प्रयोगाच्या वेळेला दार लावलं की लावलं. मंडळाचे अध्यक्ष सहा मिनिटं उशिरा आले, तर त्यांना बाहेर ठेवलं. मी म्हटलं, “सार, अध्यक्ष आहेत हो.” तर म्हणाले, “कोर्टात हाक मारल्यावर हजर नसेल तो गैरहजर. अध्यक्षास काय शिंगं आहेत?”

‘नाटक’ हा शब्द त्यांना चालत नसे. त्यांच्या लेखी तो ‘स्थळपंचनामा’ होता. रंगमंच नाही, पडदा नाही, खुर्च्यांच्या रांगा नाहीत. प्रेक्षकांनी खऱ्या घरात शिरायचं, आणि घटना त्यांच्या आजूबाजूला घडायची. प्रेक्षक वीसच. चिठ्ठी काढायची. दहाजण पुढच्या दारानं दिवाणखान्यात, दहाजण मागच्या गल्लीतून परसात. कोणाला कुठली चिठ्ठी आली याबद्दल वाद नाही. त्यांचं आवडतं वाक्य एकच होतं: “सांगू नका. उभे राहा.” माणसाला सांगून पटत नाही, त्याला त्या जागी उभं केलं की पटतं, असं त्यांचं म्हणणं.

आता ती घटना. याच घरात, राज्यघटना येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा, घरातली विधवा आत्या भरदुपारी कोठीच्या खोलीत मेलेली सापडली. डोक्याला मार होता. तिच्या पेटीतला सोन्याचा कंबरपट्टा नाहीसा झाला होता. संध्याकाळी पोलिसांनी भांडी घासणाऱ्या अंजलैला धरलं. जन्मठेप झाली. चौथ्या वर्षी ती तुरुंगात तापानं गेली. कंबरपट्टा कधीच सापडला नाही.

खून मग कोणी केला, हे शिर्केनं तालमीत दहा वेळा विचारलं असेल. सारांचं उत्तर ठरलेलं. “कोणी केला ते मज ठाऊक नाही. कोणी केला नाही ते ठाऊक आहे.”

ते कसं, हे समजायला त्या घराची रीत समजायला हवी. कोठी स्वयंपाकघराच्या आत. स्वयंपाकघरात सोवळ्यातल्या बायका सोडून कोणाला प्रवेश नाही. घरच्या सुनासुद्धा आंघोळ केल्याशिवाय तिकडे फिरकत नसत. अंजलै येणार मागच्या गल्लीतून, परसातल्या विहिरीपाशी बसणार. परस आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक दगडी कट्टा. आतली बाई खरकटी भांडी कट्ट्यावर ढकलणार, अंजलै ती घासून पुन्हा कट्ट्यावर ठेवणार. मग आतली बाई त्यांवर पाणी ओतून, शुद्ध करून, आत नेणार. अकरा वर्षं अंजलैनं तो कट्टा ओलांडला नव्हता. कट्ट्यापासून कोठीपर्यंत सारांच्या छत्रीनं तेवीस फूट आणि मध्ये तीन उंबरठे.

कोर्टात मात्र घरच्या तीन बायकांनी साक्ष दिली: अंजलै आमच्याकडे घरच्यासारखी होती, साऱ्या घरात फिरायची, कोठीतसुद्धा जायची.

का दिली? खरं लपवायला कोणी पढवलं होतं का, कोणाला वाचवायचं होतं का, हे देव जाणे. पण सार म्हणत की अर्धं कारण साधं होतं. शिवाशीव बंद करणारा नवा कायदा आला होता. मोठ्या न्यायाधीशापुढे, भरल्या कोर्टात, आम्ही बाईला कट्ट्यापलीकडे येऊ देत नाही असं सांगायची घराण्याला लाज वाटली. लाज त्या रिवाजाची नव्हती. तो रिवाज घरी गेल्यावर त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झाला. लाज सांगायची होती. म्हणून थोरपणाचं एक वाक्य बोललं गेलं आणि त्या वाक्यावर एक बाई तुरुंगात गेली. न्यायाधीश परगावचा. त्याला खरं वाटलं. गल्लीतल्या प्रत्येक घरात तसाच कट्टा होता, प्रत्येकाला ठाऊक होतं की हे खोटं आहे. एक माणूस उठला नाही.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली यादी तशीच राहिली. मी म्हटलं, “सार, हे मंडळाच्या नावावर करायचं?”

“कोणाच्या नावावर करायचं मग? ज्यांना कट्टा ठाऊक आहे त्यांच्याच.”

घर मिळालं ते कसं, हा एक वेगळाच विनोद. घर आमच्या उपाध्यक्षांच्या घराण्याचं. त्या तीन साक्षीदारांतली एक त्यांची आजी. ते स्वतः अड्यारला फ्लॅटमध्ये राहतात, मैलापूरचं घर एरवी शिकवणी वर्गाला दिलेलं, रविवारी रिकामं. मी नियमाप्रमाणे अर्ज केला, सोबत सारांच्या हस्ताक्षरातली पूर्ण संहिता जोडली, चाळीस पानं, देवनागरीत. चार दिवसांत ‘संमत’ म्हणून सही होऊन परत आली. मला वाटलं, केवढा मोठ्या मनाचा माणूस. सार मिशीत हसले. उपाध्यक्ष मराठी बोलतात, तंजावरची, चांगली बोलतात. वाचता येत नाही. शाळा तमिळ आणि इंग्रजी. मराठी मंडळाच्या उपाध्यक्षाला मराठी वाचता येत नाही हे सांगणार कसं? म्हणून न वाचता सही.

“तुम्हाला ठाऊक होतं?” मी विचारलं.

“त्यांच्या घरची लाज मज ठाऊक आहे,” सार म्हणाले. “तिच्यावरच अर्ज टाकला.”

मला हे अजिबात आवडलं नव्हतं, आणि मी ते सांगितलंही. फसवून घेतलेली परवानगी ती परवानगी नव्हे. सार म्हणाले, “चाळीस पानं दिली. एक पान लपवलं नाही.” मी अर्ज फाइलला लावला.

तालमींचं काय सांगावं. कावेरीनं पहिल्या दिवशी विहिरीपाशी बसून डोळ्यांत पाणी आणलं. सारांनी छत्री आपटली. “अभिनय नको. भांडी घासा.” एकतीस भांडी, कारण त्या दिवशी एकतीस होती, असं पंचनाम्यात लिहिलेलं. तिसावर तालीम थांबत नसे. कावेरीच्या गाण्याच्या विद्यार्थिनी विचारायला लागल्या, मिस, तुमच्या बोटांना काय झालं? मृणालिनीबाईंना फक्त एवढंच शिकवलं की भांडं ढकलताना खाली पाहायचं नाही. “खाली कोण आहे हे तुम्हास ठाऊक नसतं. हात तिकडे जातो, नजर जात नाही.” मृणालिनीबाईंना ते तीन तालमी जमलं नाही. चौथ्या तालमीत जमलं तेव्हा त्या घरी जाऊन जेवल्या नाहीत, असं त्यांनीच मला सांगितलं.

सार स्वतः दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एका मेजाशी बसून लिहीत असत. नकलनविसाची भूमिका, एक शब्द नाही. चाळीस मिनिटं नुसतं लिहिणं. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्यानं स्वतःसाठी सोपं काम घेतलं.

पहिला प्रयोग अकरा तारखेला झाला. उपाध्यक्ष तेव्हा गावाला गेले होते. पुढच्या दहाजणांना पंखा, खुर्च्या, कॉफी. त्यांच्यापुढे शिर्के चौकशी करतो, मृणालिनीबाई मधूनमधून स्वयंपाकघरात जाऊन येतात आणि सांगतात की अंजलै घरच्यासारखी होती. मागच्या दहाजणांना ऊन, ओली फरशी, उभं राहणं. त्यांना आतलं काही ऐकू येत नाही, फक्त एक बाई भांडी घासताना दिसते आणि कट्ट्यावर एक हात. मागच्या चिठ्ठीत एका बँकेचे मोठे मॅनेजर सापडले. दहाव्या मिनिटाला ओरडायला लागले, “इथून काही दिसत नाही! आम्हाला काय म्हणून बोलावलं आहे?”

मी मागच्या बाजूला देखरेखीला होते. मी म्हटलं, “साहेब, शेवटी सगळं कळेल.”

“अहो पण मी चीफ मॅनेजर आहे!”

आतून कट्ट्यावर फक्त एक पातेलं आलं.

शेवटी सार छत्री तीनदा आपटत, तेव्हा मागचे दहाजण कट्टा ओलांडून दिवाणखान्यात येत. मग पुढच्यांनी काय ऐकलं आणि मागच्यांनी काय पाहिलं ते एकमेकांना सांगायचं. खरा प्रयोग तिथे सुरू होई. त्या मॅनेजरनं पुढच्या लोकांकडून साक्ष ऐकली आणि एकदम लाल झाला. “काय खोटं बोलता? मी चाळीस मिनिटं तिथे उभा होतो! ती बाई कट्ट्याच्या आत आलीच नाही!” सारांनी लिहिता लिहिता मान वर केली. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा खूश पाहिलं.

आता अठरा तारीख. अंजलैची मुलगी, वसंताम्मा. आईला धरलं तेव्हा नऊ वर्षांची होती. कॉर्पोरेशनच्या शाळेत आया म्हणून लागली, निवृत्त झाली, आवडीच्या पलीकडे एका खोलीत राहते. सार तिच्याकडे तीनदा जाऊन आले होते, बोलवायला. मी म्हटलं, त्या अर्थातच पुढे बसतील.

“चिठ्ठी,” सार म्हणाले.

“सार, डोकं ठिकाणावर आहे का? त्या बाईला तुम्ही पुन्हा मागच्या गल्लीत उभं करणार?”

“नियम एकदा मोडला की पंचनामा राहत नाही.”

न्यायासाठी एवढा अट्टहास करणारा माणूस, आणि जिच्यासाठी करायचं तिलाच चिठ्ठी! माझा इतका संताप झाला की मी जन्मात पहिल्यांदा यादीत लबाडी केली. पुढची एक जादा चिठ्ठी लिहून मुठीत दाबून ठेवली आणि पावणेतीनपासून पुढच्या दाराशी उभी राहिले. तीन वाजले. वसंताम्मा आल्या नाहीत. मागे धावत गेले, तर त्या परसात उभ्या. स्वच्छ सुती साडी, हातात पिशवी.

मी माझ्या कारखान्यातल्या तमिळमध्ये म्हटलं, “अम्मा, तुमची चिठ्ठी पुढची आहे.”

“मला चिठ्ठी कशाला? लहानपणी आईबरोबर याच वाटेनं यायचे. दुसरी वाट कुठे ठाऊक आहे?”

मी त्यांचं नाव यादीत अकरावं लिहिलं.

कावेरी घासत होती. तिला बोलायची परवानगी नव्हती. दहा मिनिटांनी वसंताम्मा म्हणाल्या, “चिंचेनं घासायची ती. पितळेला राख नाही लावायची.” कावेरी थांबली. वसंताम्मांनी पिशवी माझ्याकडे दिली, पदर खोचला, खाली बसल्या आणि एक तांब्या उचलला. मी सरकारी नोकरीतली बाई. प्रयोगात प्रेक्षकानं हात घातला तर काय करायचं याचा रकाना माझ्याकडे नव्हता. मी काही केलं नाही. बाकीचे दहाजण उभे राहून पाहत राहिले. मृणालिनीबाईंच्या हातानं कट्ट्यावर पुढचं भांडं ढकललं, आणि त्यांनी शिकवल्याप्रमाणे खाली पाहिलं नाही.

छत्री तीनदा वाजली. दहाजण कट्टा ओलांडून आत गेले. वसंताम्मांनी हात धुतले, पदरानं पुसले.

“मी इथून आत जाणार नाही,” त्या म्हणाल्या. “माझी आई इथून आत गेली नाही. मी गेले तर तीही गेली असेल असं होईल. मी पुढून येते. पण कोणीतरी बोलवायला हवं.”

इथे जे राहिले आहेत त्यांना हे सांगायला नको. तमिळ घरात पाहुणा उंबऱ्याशी येऊन थांबतो, आणि घरचं माणूस दारात येऊन ‘वांगो’, म्हणजे ‘या’, म्हणतं. त्या एका शब्दाशिवाय लग्नघरातसुद्धा कोणी पाय आत टाकत नाही. शब्द छोटा आहे. पण तो घरच्यानंच म्हणायचा असतो.

मागची गल्ली लांब वळसा घालून पुढे जाते. वसंताम्मा चालत पुढच्या दाराशी आल्या तोपर्यंत मी आत जाऊन सारांना सांगितलं होतं. सार मेजावरून उठले. प्रयोगात ते कधी उठत नसत. दारात गेले. वळून म्हणाले, “मी या घरचा नव्हे.” मग दिवाणखान्यात खुर्चीवर कॉफी घेत बसलेल्या उपाध्यक्षांकडे पाहिलं. “तुम्ही आहात. बोलवा.”

सगळ्यांची तोंडं तिकडे वळली. वसंताम्मा खाली, दोन पायऱ्यांच्या पलीकडे, पिशवी धरून उभ्या.

उपाध्यक्ष हसले. वाईट माणूस नाही, हे लिहिणं भाग आहे. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला धावून येणारा माणूस. ते म्हणाले, “अहो, येऊ दे की आत. कोण अडवतंय? तिची आई तर आमच्याकडे घरच्यासारखीच होती.”

दहा मिनिटांपूर्वी हेच वाक्य मृणालिनीबाईंनी त्यांच्यासमोर म्हटलं होतं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते समजलं. दोन श्वासांनंतर त्यांनाही समजलं. त्यांनी पेला खाली ठेवला, रुमाल काढला, उठले. मला वाटलं, आता दाराकडे जातील. ते स्वयंपाकघराकडे वळले, तीन उंबरठे आणि कट्टा ओलांडून परसात उतरले आणि मागच्या गल्लीनं निघून गेले. पुढच्या दारात ती उभी होती ना!

वसंताम्मा पाव तास थांबल्या. मग मला म्हणाल्या, “त्यांना सवड झाली की कळवा,” आणि बसला गेल्या.

पुढच्या रविवारी कार्यकारिणीची बैठक. हजर सात. ठराव: प्रयोग बंद. समाजाची बदनामी होते. शहरात आपण मूठभर, त्यात हे जुनं उकरून काय मिळणार? एकजण म्हणाले, “आम्ही तर असलं काही पाळत नाही.” मी विचारलं, तुमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचा पेला कुठे ठेवलेला असतो? त्यांनी पुढचा विषय घ्यायला सांगितलं. आणि मग मला सांगण्यात आलं की उपाध्यक्षांचं ते वाक्य इतिवृत्तात नको. पाडव्याच्या कार्यक्रमाचा हॉल त्यांच्या ओळखीनं मिळतो, लहान मुलांचे मराठी वर्ग त्यांच्या ओळखीनं चालतात. मी व्यवहारी बाई आहे. मी हिशेब केला आणि वाक्य गाळलं. ‘प्रयोगादरम्यान काही गैरसमज झाला’ असं लिहिलं, सुवाच्य अक्षरात.

सार दर महिन्याला इतिवृत्त वाचायला यायचे. ते पान त्यांनी दोनदा वाचलं. मी ओरडा खायच्या तयारीत होते.

“अक्षर छान आहे,” ते म्हणाले.

मग छत्रीच्या खुणांवरून अंगठा फिरवला. “माझंही छान होतं. त्या तीन साक्षी मीच नकलल्या, सेक्रेटरीबाई. वीस वर्षांचा होतो. दोन घरं सोडून राहत होतो. आमची भांडीही अंजलैच घासायची, तसाच कट्टा, तसंच पाणी. ‘कोठीतसुद्धा जायची’ हे लिहिताना हात थांबला. वर पाहिलं. अस्के बसले होते. नोकरी नवीन होती. मग हात पुन्हा चालू केला.”

त्यांना मी काय म्हणणार, आणि स्वतःला काय?

मी पुढच्या बैठकीत ते वाक्य परत घालायचा प्रस्ताव मांडला. अनुमोदक मिळाला नाही. मी चिटणीसपद सोडलं. वही त्यांच्याकडे आहे, पान तसंच आहे.

सार त्या वर्षी मुलाकडे राहायला गेले, इरुंगाट्टुकोट्टैच्या बाजूला. मुलगा तिथे गाड्यांचे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. तिथून दर महिन्याला उपाध्यक्षांना एक पोस्टकार्ड लिहीत, एका ओळीचं: ‘वसंताम्मा वाट पाहत आहेत.’ इंग्रजीत लिहीत, वाचता यावं म्हणून. गेल्या वर्षी ते गेले. मंडळाच्या वार्तापत्रात चार ओळी आल्या. ‘हौशी नाट्यकर्मी आणि एक मिश्कील व्यक्तिमत्त्व.’ मिश्कील! त्या माणसानं आयुष्यात एक विनोद केला असेल तर तो मला ठाऊक नाही. पन्नास वर्षं एक वाक्य छातीत घेऊन फिरणाऱ्याला हे लोक मिश्कील म्हणतात. मी ते वार्तापत्र फाडलं, आणि नंतर चिकटवून फाइलला लावलं, कारण फाइल पूर्ण हवी.

पोस्टकार्डांचं काम आता मी करते, फोनवर. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सकाळी दहाला. उपाध्यक्ष नेहमी उचलतात आणि नेहमी गोड बोलतात. मुलीचं लग्न झालं की बघू. मार्गळी महिन्यात गाण्याच्या कचेऱ्या असतात, तेव्हा नको. घराला रंग द्यायचाय. पोंगल होऊ द्या. आणि दर वेळी शेवटी तेच, “अहो, पण ती आली तर अडवतंय कोण?” मी दर वेळी सांगते, कोणी अडवत नाही हो, तुम्ही फक्त दारात उभे राहा आणि एक शब्द म्हणा. मिनिटभराचं काम आहे. त्यावर ते पुढच्या महिन्यात बोलू म्हणून फोन ठेवतात.

वसंताम्मांकडे मी आवडीहून दोन स्टेशनं पुढे जाऊन येते. त्या चहा करतात, मी पिते. परवा म्हणाल्या, “मला घाई नाही. गुडघ्यांना आहे.” मी घरी येऊन यादी केली. पुढच्या दाराच्या दोन पायऱ्यांना कठडा: शिर्केनं करून दिला, बसवला, झालं. न्यायला-आणायला गाडी: कावेरीच्या भावाची, ठरली. मृणालिनीबाईंना कळवणं: झालं. फुलं: त्या दिवशीच घेणं, तळ्याजवळ मिळतात.

बोलावणं: बाकी.